सहा महिने आमचं गाव कोणतं?

नमस्कार, श्रोते हो.

बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या घाटाच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. तिचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे ओघात येईल. काही वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत बावीस पानांची प्रश्नावली होती. एका घराच्या ओट्यावर बसून मी सुरुवात केली. घरात माणसं किती, शिकलेली किती, गेल्या वर्षभरात दवाखान्यात किती वेळा जावं लागलं. शेजारी सत्तरीच्या एक आजी ज्वारी निवडत होत्या. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, मागल्या साली बी एक पोरगी असंच लिवून घेऊन गेली. तिच्या आधी दोघं जण आले व्हते फटफटीवर. त्या कागदांचं पुढं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत मी ती बावीस पानं पुन्हा चाळली. त्यातला एकही प्रश्न त्या वस्तीतल्या कुणाचा नव्हता. सगळे आम्ही शहरात, पंख्याखाली बसून ठरवलेले.

मी विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्रात काम करते. आमचा विषय आरोग्यातली विषमता. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. एकाच तालुक्यातल्या, एकाच वयाच्या दोन बायका डोळ्यांपुढे आणा. एकीच्या घरात महिन्याचा पगार येतो. दुसरी नवऱ्याबरोबर दरवर्षी कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जाते. पस्तिशीत पहिलीची कंबर दुखायला लागली तर ती तपासून घेते, औषध घेते, चार दिवस टेकते. दुसरीची तोवर पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून झालेली असते, हाडं दुखत असतात, आणि तरीही डोक्यावर उसाची मोळी असते. आजार दोघींनाही आहेत. पण दोघींमधला हा जो फरक आहे तो टाळता आला असता, आणि टाळला गेला नाही. त्याला विषमता म्हणायचं.

हे फक्त गरिबीचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुष नोकरदारांचा एक मोठा अभ्यास 1967 साली सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. सगळे कायम नोकरीचे, सगळ्यांना सरकारी दवाखाना फुकट. तरी दहा वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवरच्या शिपाई-दरवानांमधला मृत्युदर सर्वांत वरच्या साहेबांच्या तिप्पट निघाला. आणि मधल्या प्रत्येक पायरीवर थोडा थोडा फरक. त्यावर पुढे ब्रिटिश संशोधक मायकेल मार्मट यांनी आयुष्यभर काम केलं. माणसाच्या हातात स्वतःच्या दिवसाची दोरी किती आहे, यावर त्याची तब्येत ठरते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. हे वाचताना मला ऊसतोडीचा फड आठवतो. पहाटे तीनला उठायचं की चारला, हे तिथे कोण ठरवतं? कारखान्याची गाडी ठरवते.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली एक नियम मांडला: जिथे चांगल्या उपचारांची गरज सर्वांत जास्त, तिथेच ते सर्वांत कमी मिळतात. आपल्याला हा नियम पुस्तकातून शिकायची गरज नाही. नांदेडात डॉक्टर लेन नावाची आख्खी गल्ली आहे. त्याच जिल्ह्यात किनवटच्या आतल्या तांड्यावरून एखादी बाळंतीण निघाली, तर तिला त्या गल्लीपर्यंत पोचायला काय काय करावं लागतं, ते तिथल्या माणसाला विचारा.

आता बीडकडे येते. 2019 साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहाजणींमागे एक. त्याआधीच्या, 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. हे आकडे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेही असतील. त्यानंतर कॅमेरे आले, गाड्या आल्या, आणि बायकांना एकच प्रश्न शंभर वेळा विचारला गेला: तुमची पिशवी का काढली?

उत्तरं आपल्याला माहीत आहेत. अंगावरून पांढरं जात होतं. ओटीपोट दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, राहू दिली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनला टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळाली. खाडा झाला तर पैसे कापले जातात, पाळीच्या दिवसांत मोळी उचलवत नाही, मग एकदाची कटकट गेलेली बरी. यातलं एकही उत्तर खोटं नाही. पण या उत्तरांमागे एक लांबलचक साखळी आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या विशी-चोविशीतल्या मुलींपैकी 48 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीडमध्ये हे प्रमाण 43 च्या पुढे, आणि राज्याचं 22 च्या आसपास. का? कारण कोयता म्हणजे जोडी. एकटा गडी अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. पोराला पुरी उचल मिळावी म्हणून सून आणायची. सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत-बाहेर दोन लेकरं, लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, जिथे न्हाणीला आडोसा नाही, पाणी घोटभर. त्यातून जंतुसंसर्ग. साध्या औषधाने जो बरा झाला असता तो वर्षानुवर्षं अंगावर काढायचा, आणि शेवटी सुरी. पिशवी काढली की बाईची पाळी तरुणपणीच कायमची जाते; बरोबर बीजांडकोशही काढले तर अंगातून वाफा निघतात, हाडं झिजतात. तिशीत म्हातारपण.

या साखळीची पहिली कडी फार आधी दिसली होती. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली होती. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. हा आकडा वाचून माझ्या अंगावर आजही काटा येतो. बायका गप्प नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून आम्ही ती बावीस पानं बाजूला ठेवली.

पहिली सभा मारुतीच्या पारावर घेतली. ती आमची चूक होती. बायका आल्या, पण निम्म्या. मातंग वाड्यातल्या चौघी पारापासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. एकीने माझ्या कानात सांगितलं, की ज्यांची पाळी चालू आहे त्या देवळाजवळ येणार कशा? पाळीबद्दलच बोलायचं होतं, आणि जागा अशी निवडली होती. दुसरी सभा आम्ही हातपंपाजवळच्या लिंबाखाली घेतली, सांजच्याला, पाणी भरून झाल्यावर. तिथे मातंग वाडाही आला, तांडाही आला.

हातपंपावरून आठवलं. बीडच्या हद्दीला लागूनच जामखेड आहे. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने काम सुरू केलं. दुष्काळी मुलूख. लोकांना आधी पाणी हवं होतं, दवाखाना नंतर. मग त्यांनी हातपंप दलित वस्तीत घेतले, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावं लागेल. गावातल्याच, पुष्कळदा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बायका बाळंतपणं करू लागल्या, कुष्ठरोग्यांना हात लावू लागल्या. 1979 साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला पुरस्कारापेक्षा त्या हातपंपाची जागा मोठी वाटते. जातीचं औषध कुठल्याही फार्मसीत मिळत नाही. त्यांनी ते जमिनीत बोअर मारून शोधलं.

तर लिंबाखाली आम्ही कागद काढलाच नाही. जमीन सारवली आणि रांगोळीने बारा घरं आखली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. ज्या महिन्यात घरात आजारपण जास्त, त्या घरात ज्वारीचे दाणे टाकायचे. काम जास्त तिथे खडे. कर्ज जास्त तिथे चिंचोके. सुरुवातीला हसणं, खिदळणं झालं. मग एक सासू म्हणाली खडा इथं नको, तिथं टाक; सून म्हणाली, आत्या, त्या महिन्यात तुमी हिकडं व्हत्या, फडावर म्या व्हते. वाद रंगला. अर्ध्या तासात सगळं वर्ष जमिनीवर उतरलं.

पौष-माघाच्या घरात खड्यांचा ढीग होता, ज्वारीचा त्याहून मोठा. मग मी विचारलं, दवाखान्यात जाता त्या महिन्याच्या घरात लिंबाचं पान ठेवा. आषाढ-श्रावणात पानं पडली. पौष-माघात एकही नाही. जेव्हा दुखणं सर्वांत जास्त, तेव्हाच दवाखाना नाही. ट्यूडर हार्टचा नियम त्या बायकांनी रांगोळीत काढून दाखवला.

आणि तेव्हा कडेवर लेकरू घेतलेली एक पोर बोलली. पंचविशीही नसेल. "मॅडम, दिवाळी ते पाडवा आमचं गाव कंचं? हितली आशाताई म्हणती, तुमी गावात नाय. तिकडली नर्सबाई म्हणती, तुमी आमच्या गावच्या नाय. मग आमी हाव कुटं?"

श्रोते हो, इतकी वर्षं मी या विषयात आहे. इतका नेमका संशोधनाचा प्रश्न मी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही.

नीट बघा तो. आपली सगळी आरोग्यव्यवस्था राहत्या माणसावर उभी आहे. सपाट मुलखात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजाराच्या आसपास वस्तीला एक आशाताई. गरोदर बाईची नोंद एका वहीत, लेकराच्या लसीची नोंद त्याच वहीत, आणि ती वही गावात. टोळी निघाली की माणसं ट्रकमध्ये, वही गावातच. ती तिकडे सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात उतरली, की तिथल्या हजारात ती धरलेली नसते. पाच महिन्यांची पोटुशी बाई दसऱ्याला निघते आणि पाडव्याला कडेवर लेकरू घेऊन परत येते, आणि मधल्या काळात ती कुणाच्याच खात्यावर नसते. आशाताईंना मी दोष देत नाही. त्यांच्या मोबदल्यासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर बसावं लागतं, ते आपण पाहिलेलं आहे. फडावरच्या नर्सबाईलाही देत नाही. पण व्यवस्थेच्या शिवणीत ही फट आहे, आणि ती सगळ्यात आधी दिसली तिच्यातून खाली पडणाऱ्या बाईला.

मग प्रश्न बदलला तसं कामही बदललं. त्याच वस्तीतल्या काही जणींनी पुढची चौकशी स्वतः करायचं ठरवलं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चित्रांचे तक्ते केले. बाजेवरची बाई म्हणजे ताप, डोक्यावर मोळी म्हणजे त्या दिवशी काम केलं, पाठीला रेघ म्हणजे कंबर. फडावर प्रत्येकीने आपल्या टोळीतल्या बायकांचं रोजचं दुखणं त्या तक्त्यावर टिंबं देऊन नोंदवलं. नमुना कसा निवडायचा, हिशोब कसा तपासायचा, ही आमची शास्त्राची बाजू आम्ही सांभाळली. ती सोडून चालत नाही. सहभाग म्हणजे ढिसाळपणा नव्हे. पण काय मोजायचं ते त्यांनी सांगितलं. आमच्या यादीत नव्हत्या अशा दोन गोष्टी त्यांनी घातल्या: लघवी दाबून धरणं, आणि लेकराला उसाच्या पाचटावर निजवून तोडायला जाणं.

या कामाची मजुरी द्यायची असं आम्ही ठरवलं. बाई दोन तास आमच्यापाशी बसली तर तिचे दोन तास बुडतात. प्राध्यापकाला बैठकीचा भत्ता मिळतो, मग तिला का नको? त्यावर एका कार्यालयातून उत्तर आलं, की अंगठ्याचं व्हाउचर चालणार नाही, आणि संशोधन सहायकाची पात्रता पदवीची आहे. तीन महिने गेले त्या एका व्हाउचरमध्ये. शेवटी पैसे मिळाले. पण ज्ञान कुणाचं मोजायचं आणि कुणाचं नाही, ही विषमता गावात सुरू होत नाही, ती आमच्या फायलीत सुरू होते, हे मला त्या तीन महिन्यांत कळलं.

अशा कामाने खरंच काही बदलतं का, असं तुम्ही विचाराल. हा प्रश्न रास्त आहे. झारखंड आणि ओडिशातल्या तीन जिल्ह्यांत 'एकजूट' या संस्थेने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांबरोबर एक मोठा प्रयोग केला. गावांचे 36 गट पाडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतले निम्मे निवडले आणि तिथे बायकांच्या महिन्याला सभा घेतल्या. डॉक्टर नाही, इंजेक्शन नाही. गावातलीच एक बाई सभा चालवायची. चित्रं, गोष्टी, खेळ. लेकरं का दगावतात ते बायकांनी शोधायचं, त्यातलं आधी काय हाती घ्यायचं ते त्यांनीच ठरवायचं, करायचं, आणि पुन्हा बसून तपासायचं. 2010 साली निष्कर्ष आले. शेवटच्या दोन वर्षांत या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू दुसऱ्या गावांपेक्षा 45 टक्क्यांनी कमी होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा सभांची शिफारस केली. विद्यापीठ आणि गाव एका सतरंजीवर बसले तर काय होतं, याचा इतका कडक पुरावा दुसरा मला माहीत नाही.

आपल्याकडेही हे बीज आहे. 2007 साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आताचा धाराशिव होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला शाळेसारखं प्रगतिपत्रक द्यायचं, जनसुनवाईत अधिकाऱ्यासमोर उभं राहून विचारायचं. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या नावातच ग्रामीण हा शब्द आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला विद्यापीठं आहेत, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे. माणसं आहेत, इमारती आहेत. पण आमच्या लोकांना एक सवय आहे, आणि त्यात मीही आले: गावाकडून माहिती न्यायची, तिचा प्रबंध करायचा, बढती घ्यायची, आणि गावाला साधी झेरॉक्ससुद्धा पाठवायची नाही. दुसऱ्याच्या शेतातलं पीक कापून नेण्यासारखं आहे ते. अलीकडे प्रकल्पाच्या नावात 'लोकसहभाग' घालायची पद्धत पडली आहे. बॅनरखाली फोटो निघतो, सही-अंगठे होतात. ज्या सभेत गावाने तुमचा एकही प्रश्न खोडला नाही, तिथे सहभाग झालेला नाही, हे पक्कं समजा.

आमच्या वस्तीतल्या तक्त्यांमधून काय निघालं, ते मी आज सांगणार नाही. गावाचं नाव न घेण्याचं कारणही तेच. ते आकडे त्या बायकांचे आहेत. कुणाला, कधी, कसे सांगायचे ते त्यांच्या सभेने ठरवायचं असं आमच्यात लिहून झालेलं आहे. आज आकाशवाणीवर यायचं म्हणून मी त्यांना विचारलं. तुमचा प्रश्न तेवढा सांगा, बाकी आम्ही सांगू, असं त्या म्हणाल्या.

निकालाची सभा याच पावसाळ्यात, लिंबाखालीच झाली. तक्ते मोठे करून दोरीवर टांगले होते. मुकादमही येऊन मागे उभा होता. आधी हाताची घडी घालून, मग एकेक तक्ता वाचत पुढे सरकला, आणि खाड्याच्या तक्त्यापाशी बराच वेळ थांबला. बोलला काही नाही. बायकांनी एक पत्र तयार केलं: आमच्या टोळ्या कोणत्या कारखान्याला जाणार त्याची यादी जोडली आहे, तिथल्या आरोग्य केंद्राला ती दसऱ्याआधी कळवावी, आणि आमच्या नोंदवहीची पानं आमच्याबरोबर द्यावीत. पत्राच्या पहिल्या ओळीत त्या पोरीचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला आहे. पत्र गेलं आहे, पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. दसऱ्याला आता फार दिवस उरले नाहीत. ऐकणाऱ्यांत कारखान्याच्या भागातली एखादी नर्सताई, एखादी आशाताई असेल, तर तिला माझी विनंती आहे: टोळी उतरली की उत्तराची वाट बघू नका, वही घेऊन एकदा कोप्यांकडे जा.

सभा संपल्यावर त्या ज्वारी निवडणाऱ्या आजींनी मला थांबवलं. सगळ्या तक्त्यांची एक प्रत वस्तीत राहणार होती, ती कुणाकडे ठेवायची यावर चर्चा चालली होती. ग्रामपंचायतीत नको, शाळेत नको, असं चाललं होतं. आजींनी हात पुढे केला. तो कागदांचा गठ्ठा त्यांनी पदरात गुंडाळून घरात नेला आणि लोखंडी पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "आता पुढल्या साली कुणी लिवायला आलं, तर आदी हे वाचायला देईन."

नमस्कार.